टीव्हीला ब्लूटूथ ट्रान्समीटर की आरएफ हेडफोन?

घरात म्हातारी मंडळी नऊला झोपतात आणि आपल्याला मॅच बघायचीय, मग वायरलेस हेडफोन लागणारच की ओ. टीव्ही किंवा ॲम्प्लिफायर जुना असेल, त्यात ब्लूटूथ नसेल, तर रस्ते दोन: ब्लूटूथ ट्रान्समीटर, नाहीतर आरएफ हेडफोन, म्हणजे स्वतःच्या रेडिओ ट्रान्समीटरसोबत येणारा हेडफोन.

ट्रान्समीटर म्हणजे छोटी डबी, टीव्हीच्या ऑक्स (हेडफोनची साधी पिन) नाहीतर ऑप्टिकल (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणारी वायर) जागेला लावायची आणि आहे तोच हेडफोन जोडायचा. ऑप्टिकलला लावला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करून ठेवा, नाहीतर बऱ्याच डब्यांतून आवाजच येत नाही आणि माणूस उगाच दुकानदाराला शिव्या घालत बसतो. खरी कटकट उशिराची. साध्या एसबीसी कोडेकला (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) 150-200 मिलिसेकंद सहज जातात, ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो. ॲपटीएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा कोडेक असेल तर ते 40 च्या आसपास येतं, पण ते डबी आणि हेडफोन दोघांतही पाहिजे, एकात असून उपयोग नाही.

आरएफला ही भानगड जवळजवळ नाहीच. शहापुरातल्या जुन्या जाड भिंतींच्या घरात, स्वयंपाकघरातून ऐकायचं तर मी आरएफच घेईन बघा. पण ॲनालॉगवाल्यात थोडी खरखर येते, आणि तो हेडफोन मोबाईलला जोडून खानापूरच्या बसमध्ये वापरता येत नाही.

कानाला मात्र दोन्ही सारखेच. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित, 90 झालं की फक्त 4 तास. म्हणून आवाज आधी कमी करा, मग हेडफोन घाला.