सोलरखालची हळद: नऊ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात १० किलोवॅटचं सोलर घेतलं आणि पत्र्यावर न चढवता विहिरीजवळच्या हळदीच्या तुकड्यात उभं केलं. गाव वसमत तालुक्यातलं, जमीन काळी. ५५० वॅटचे १८ पॅनल, सहा-सहाच्या तीन ओळी, खालची कड जमिनीपासून ८ फूट. वीज आमच्या पिठाच्या गिरणीला. परवा हळद काढली, म्हणून आता लिहायला बसले.

विजेबद्दल तक्रार नाही. कडक उन्हात दिवसाला ४० युनिट, आषाढात निम्म्यावर.

छळलं ते पाण्याने. पॅनल दक्षिणेकडे कललेले, त्यामुळे पावसाचं सगळं पाणी त्या कडेवरून पागोळ्यांसारखं एकाच रेषेत पडतं. पहिल्याच मोठ्या पावसात बेडला वीतभर चर पडली, कंद उघडे. माती लावली, आठ दिवसांत पुन्हा तेच. शिवाय पाणी साचून त्या ओळीला कंदकूज लागली. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, आम्ही पॅनलचं बघतो, पिकाचं नाही." शेवटी भावाने चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून कडेखाली पन्हळ बांधली, पाणी टाकीत सोडलं. पॅनल आता त्याच पाण्याने धुतो. बोअरच्या पाण्याने काचेवर क्षारांचे पांढरे डाग धरायचे, तीही कटकट गेली.

पिकाचं म्हणाल तर जूनच्या उन्हात कोंब करपले नाहीत, ठिबकही उघड्या बेडपेक्षा कमी चालवावं लागलं. पानं अशी रुंद आणि हिरवी की शेजारी खत विचारून गेले. पण पानांवर जाऊ नका. कडेच्या ओळींत गड्डे उघड्यासारखेच भरले, मधल्या दाट सावलीत बारीक राहिले. पॅनलच्या दोन ओळींत आणखी तीन फूट जागा सोडायला हवी होती. बायका मात्र खुश, दुपारचं खुरपणं पहिल्यांदा सावलीत झालं.

औषधी वनस्पतींचा प्रयोग अर्धामुर्धा. तुळस उजेडाकडे ताणून लांबुडकी झाली, मंजिऱ्या थोड्याच. जोधपूरच्या काझरीत (कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था) १०५ किलोवॅटच्या प्रकल्पात पॅनलांमधल्या जागेत कोरफड घेतात, हे ऐकून मीही लावली. तिथली जमीन वाळूची, पाऊस तुटपुंजा. आमच्या काळ्या मातीत पावसाळाभर ओल हटत नाही, मुळं सडली. गवती चहा कडेला छान फुटला.

खर्चात उंच सांगाडा जड जातो. वळवाच्या वाऱ्यात तो हलतो, म्हणून खड्डे आणि काँक्रीट यात काटकसर करू नका. शिवाय धुवायला दरवेळी शिडी. वानरं वर बसून ऊन खातात, त्यावर उपाय सापडलेला नाही.

यंदा मधल्या ओळींत शतावरी घालणार आहे. वेल सांगाड्याच्या खांबांवर चढतील. मुळ्या निघायला दीड-दोन वर्षं, तेव्हा तिचं तेव्हाच सांगेन.