पोर्ट फॉरवर्डिंग की राउटरवरच व्हीपीएन?

घरचा कॅमेरा किंवा एनएएस (नेटवर्कला जोडलेला फाइल साठवायचा डबा) बाहेरून बघायचाय तर राउटरमध्ये दोन रस्ते आहेत. पोर्ट फॉरवर्डिंग सोपं, बाहेरचा पोर्ट (राउटरच्या दाराचा नंबर म्हणा), आतल्या डिव्हाइसचा आयपी, सेव्ह, झालं. पण तो पोर्ट मग अख्ख्या इंटरनेटला उघडा, बॉट्स दिवसरात्र स्कॅन करतच असतात आणि 3389 म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट दिसला की लगेच पासवर्ड मारून बघायला लागतात, नंबर बदलूनही फार फरक पडत नाही.

दुसरा रस्ता व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा एन्क्रिप्टेड बोगदा. वायरगार्ड हा त्यातलाच एक प्रकार, त्याचं तसं नाही. त्यालाही एक यूडीपी पोर्ट लागतोच, बहुतेक वेळा 51820, पण बरोबर 'की' (डिजिटल किल्ली) नसलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. सेटअपला वेळ जातो, प्रत्येक फोनला वेगळी की बनवा, राउटरमध्ये सपोर्टही हवा. तरी कॅमेऱ्यासाठी मी व्हीपीएनच सांगेन, कारण कॅमेऱ्याला फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट वेळेवर येतीलच असं नाही, मग तो थेट इंटरनेटला उघडा नको. फॉरवर्डिंग गेम सर्व्हरला ठीक.

आणि हो, आधी राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा, तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांना वाटून देतोय, त्यामुळे आयपीव्ही4 वर हे दोन्ही रस्ते चालणार नाहीत, प्रोव्हायडरकडून पब्लिक आयपी मागून घ्या.