एअरबॅगचा निर्णय कोणी घ्यावा: ठरावीक मर्यादांनी की मशीन लर्निंगने?

गाडीच्या धडक-सुरक्षेवर काम करणाऱ्या चमूला आज एक निवड करावी लागते. एअरबॅग उघडण्याचा निर्णय अभियंत्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादांवर सोपवायचा, की धडकांच्या नोंदींवरून शिकलेल्या मॉडेलवर? कच्ची माहिती दोन्हींना तीच मिळते: मध्यभागी बसवलेल्या कंट्रोल युनिटमधले आणि गाडीच्या पुढच्या भागातले त्वरणमापक, दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर, तसेच सीट आणि सीटबेल्टची नोंद.

मर्यादेची पद्धत त्वरणावरून वेगातली घट मोजते आणि ती घट आखून दिलेल्या रेषेपलीकडे गेली की एअरबॅग उघडते. जोरदार समोरासमोरच्या धडकेत हा निर्णय साधारणपणे 15 ते 30 मिलिसेकंदांत व्हावा लागतो. ताशी 56 किलोमीटर वेगाची गाडी 20 मिलिसेकंदांत जेमतेम 31 सेंटीमीटर पुढे सरकते, यावरून किती थोड्या पुराव्यावर निकाल द्यायचा असतो ते कळते. सपाट भिंतीवरच्या धडकेत ही पद्धत चोख काम करते, कारण त्वरणाचा आलेख सुरुवातीपासूनच चढतो. तिची खरी परीक्षा अरुंद खांबावर होते. खांब पुढच्या दोन मुख्य तुळयांच्या मधोमध घुसतो, नरम भाग चुरगळत जातो, आलेख सौम्य राहतो आणि खांब इंजिनाला भिडताच तो एकदम उसळतो. त्या सौम्य टप्प्यात ही धडक आणि भिंतीला हळू बसलेली धडक यांत फारसा फरक दिसत नाही. रेषा खाली आणावी तर किरकोळ धक्क्यालाही एअरबॅग उघडण्याचा धोका, वर न्यावी तर खांबाच्या धडकेत उशीर होण्याचा. मॉडेल अनेक सेन्सरांच्या आलेखांचे आकार एकत्र वाचू शकते, म्हणून या ठिकाणी त्याचा लाभ खरा आहे, आणि तो मी कमी लेखणार नाही.

पण शिकण्यासाठी उदाहरणे लागतात आणि प्रत्येक प्रत्यक्ष चाचणीत एक गाडी मोडते, त्यामुळे उदाहरणे मोजकीच असतात आणि उरलेली भर संगणकीय सिम्युलेशनवर टाकावी लागते. सिम्युलेशनमधला संकेत बहुधा फार स्वच्छ असतो; सेन्सर ज्या पत्र्यावर बसवला आहे त्याची थरथर त्यात पुरेशी उतरत नाही. शिवाय खड्डा, फुटपाथच्या कडेवर आदळलेले चाक, जोरात आपटलेले दार यांचे नमुने भरपूर नसतील, तर मॉडेल यांनाही धडक समजू शकते. एकाच चाचणीचे तुकडे करून काही शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी वापरले की निकाल दिसायला सुरेख येतो, परंतु तो फसवा असतो. विभागणी नेहमी पूर्ण चाचणीनुसार व्हायला हवी.

जबाबदारीच्या बाबतीत मर्यादेची पद्धत स्पष्टपणे सरस आहे. एअरबॅग उघडली नाही तर कोणती रेषा ओलांडली गेली नाही, हे दाखवता येते. 2011 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ 26262 या, गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेसाठीच्या, आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत नको तेव्हा एअरबॅग उघडणे हा दोष सहसा सर्वांत कडक श्रेणीत धरला जातो, आणि मोठ्या न्यूरल नेटवर्कसाठी (असंख्य आकड्यांच्या गुंतागुंतीच्या जाळ्यातून निकाल काढणाऱ्या मॉडेलसाठी) तेवढा पुरावा उभा करणे फार जड जाते. म्हणून अंतिम आदेश मर्यादेकडेच ठेवावा, आणि मॉडेलला त्या रेषा ठराविक कक्षेतच वर-खाली करण्याची मुभा द्यावी, असे माझे मत आहे. लहान डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारत निर्णयाला पोहोचणारे मॉडेल, असेल तर त्याची प्रत्येक शाखा माणसाला तपासता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू.

धडकेनंतरचे गणित वेगळे आहे. तिथे मिलिसेकंदांऐवजी सेकंद हाताशी असतात आणि मॉडेलची चूक एअरबॅग उघडत नाही. युरोपीय संघात मार्च 2018 अखेरपासून नव्या प्रकारच्या मोटारींना आपोआप मदत मागणारी ई-कॉल यंत्रणा सक्तीची झाली. अशा संदेशाला वेगातली घट, धडकेची दिशा, सीटबेल्ट आणि उलटलेल्या गाडीची नोंद यांवरून काढलेली गंभीर इजेची शक्यता जोडता येते आणि त्यासाठी साधे लॉजिस्टिक रिग्रेशनही (अशा नोंदींवरून एखाद्या घटनेची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) बऱ्याचदा पुरते. मात्र प्रवाशाचे वय आणि लिंग वगळून हे आकडे काढू नयेत, कारण तेवढ्याच जोराच्या धडकेत वृद्धांना आणि सीटबेल्ट लावलेल्या स्त्रियांना गंभीर इजा होण्याचा धोका अधिक असल्याचे अपघातांच्या नोंदींत आढळले आहे.