स्टेप-डाउन मॉड्यूल: रिलेला चालेल, थर्मोकपलला नको

बुधवार पेठेतून २४ व्होल्टचे १२ करणारी दोन मॉड्यूलं घेतली, ती निळ्या ट्रिमरवाली. भोसरीतल्या एका भट्टीच्या तापमान बोर्डासाठी हवी होती. एक सरळ आणि एक उलट जोडून प्लस-मायनस १२ काढले. मल्टिमीटरवर १२.०२ व्होल्ट, हाताला गरम नाही. इथवर तक्रार नाही.

बोर्डावर के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, तापमानाप्रमाणे अगदी थोडं व्होल्टेज देणारा सेन्सर) आणि पुढे ओपी०७ हा अँप्लिफायर आयसी, गेन १००, म्हणजे सिग्नल शंभरपट. दुसऱ्याच दिवशी भट्टीवरचे काका म्हणाले, "मॅडम, काटा १२ डिग्री जास्त दाखवतोय." के टाइपला एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे इनपुटला जवळपास अर्धा मिलिव्होल्ट चूक. ओपी०७ चा स्वतःचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाची चूक, इतका नसतोच.

थर्मोकपल काढून केबलच्या टोकाला दोन्ही वायरी एकत्र पिळल्या, म्हणजे इनपुट शून्य. आउटपुटला ४९ मिलिव्होल्ट. मॉड्यूलं सोडवून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावल्या, तर ३ मिलिव्होल्ट. आयसी तोच, केबल तीच, म्हणजे चूक मॉड्यूलांकडून येतेय.

मग स्कोप लावला. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाशी छोटी स्प्रिंग बसवली, नाहीतर ती वायरच अँटेना होते. मॉड्यूलच्या चिपवर एलएम२५९६ छापलंय, म्हणजे स्विचिंग (चिपचं सतत चालू-बंद होणं) १५० किलोहर्ट्झला हवं, पण दिसलं ५० च्या आसपास. त्याहून वाईट म्हणजे चालू-बंद होतानाच्या प्रत्येक कडेला ३० मेगाहर्ट्झच्या आसपासची थरथर, आणि ती ग्राउंडवरही. १० सेंटिमीटर ग्राउंड वायरचं इंडक्टन्स अंदाजे ०.१ मायक्रोहेन्री धरा. ३० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा १९ ओहम होतो. आपण ज्याला शून्य म्हणतो ते शून्य राहतच नाही.

ओपी०७ ची बँडविड्थ जेमतेम ०.६ मेगाहर्ट्झ, मग ३० मेगाहर्ट्झने त्याला काय फरक पडतो, असं मलाही वाटायचं. पण इनपुटच्या ट्रान्झिस्टरचा करंट व्होल्टेजबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. वरच्या अर्ध्या लाटेत जितका वाढतो, तितका खालच्या अर्ध्यात घटत नाही. सरासरी उरते, आणि पुढच्या सर्किटला ती खरा डीसी सिग्नल वाटते. म्हणूनच प्रोग्राममध्ये कितीही रीडिंगची सरासरी काढा, चूक तशीच राहते.

ओपी०७ च्या पिन १ आणि ८ वर पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून शून्यही केलं. पंखा सुरू झाला, मॉड्यूलवरचा लोड बदलला आणि ४ डिग्री परत आल्या. मॉड्यूलांच्या पुढे लिनियर रेग्युलेटर लावून पाहिले. ४९ चे ३८ झाले, बस. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला रेग्युलेटर फारसं अडवत नाही.

उपयोग झाला तो इनपुटवर. दोन्ही पायांत १ किलोओहमचा रेझिस्टर, प्रत्येकाकडून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, दोघांमध्ये १० नॅनोफॅरडचा, सगळं आयसीच्या पिनांना चिकटून. शिवाय सप्लायच्या वायरींत फेराइट (वरची फ्रिक्वेन्सी अडवणारे मणी) आणि मॉड्यूलचं ग्राउंड अँप्लिफायरच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी. आउटपुट ६ मिलिव्होल्टवर आलं.

रिले, पंखा, एलईडीसाठी मॉड्यूल खुशाल घ्या, पाचपैकी चार गुण. मायक्रोव्होल्टच्या कामाला एकच गुण. माझी दोन्ही आता रिलेच्या बोर्डावर आहेत. थर्मोकपलला ट्रान्सफॉर्मरचा लिनियर सप्लाय दिलाय, आणि इनपुटचा फिल्टर तरीही काढलेला नाही.