उडोल्फो की मंक, आधी काय वाचायचं?

ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन झालं आणि आता गॉथिकच्या, म्हणजे जुन्या वाड्या-किल्ल्यांतल्या भयकादंबऱ्यांच्या, मुळाशी जायचंय, असं असेल तर गाडी शेवटी दोन पुस्तकांपाशी अडते, ॲन रॅडक्लिफबाईंचं उडोल्फो (१७९४) आणि मॅथ्यू लुईसचं द मंक (१७९६). सगळ्यात पहिली म्हणजे वॉलपोलची ओट्रँटो, १७६४ ची, पण ती छोटी आहे, लग्नाच्या दिवशीच नवरदेव अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडतो तिथून सुरू, ती काय एका रविवारात होऊन जाते.

मी आधी उडोल्फो घेतलं. चार खंड. अनाथ एमिली, तिची आत्या, आणि आत्याचा तो नवरा माँटोनी. त्याचा उडोल्फो किल्ला यायलाच दुसरा खंड उजाडतो, तोवर डोंगर, संध्याकाळी आणि मधेमधे कविता. बाईंनी इटली कधी पाहिलीच नव्हती म्हणे, पण ॲपेनाइन्सच्या डोंगरात तो किल्ला पहिल्यांदा दिसतो ना, तेवढी पानं मी दोनदा वाचली, खोटं कशाला बोलू.

पण तो काळा पडदा! एमिली एका खोलीत तो पडदा उचलते, मागे काहीतरी बघते आणि धाडकन बेशुद्ध. काय दिसलं? सांगतच नाहीत. अहो तिने पाहिलं, आपण तिच्या मागेच उभे, तरी नाही. दुसऱ्या खंडातली ही गोष्ट चौथ्या खंडात पार शेवटाकडे कळते (स्पॉइलर आहे, पण सव्वादोनशे वर्षं झाली आता), तर आत किडे पडलेलं प्रेत, तेही मेणाचं! घराण्यातल्या कुणाला तरी प्रायश्चित्त म्हणून रोज बघायला लावलेलं. रात्री साडेबाराला हे वाचलं, सकाळी ऑफिस होतं, असला वैताग आला. बाईंचा नेमच आहे तो, प्रत्येक भुताला शेवटी साधंसुधं कारण. काहींना तेच आवडतं, असेलही.

लुईसकडे उलटं. विशीच्या आतला पोरगा, हेगमध्ये दूतावासात असताना दहा आठवड्यांत लिहून मोकळा. त्यात रेमंडची प्रेयसी ॲग्नेस ठरवते की वाड्यातल्या रक्ताळलेल्या जोगिणीच्या भुताचं सोंग घेऊन पळून जायचं, रेमंड अंधारात तिला बग्गीत घालून निघतो आणि ती खरंच भूत निघते. मला तरी इथे पैसे वसूल वाटले.

आता मंकमध्ये बलात्कार आहे, हिंसा आहे, हलक्या मनाने वाचायचं नाहीच ते, आणि मधे उपकथानकात अँब्रोसिओ, म्हणजे ज्याच्यावरून पुस्तकाचं नाव तो मठातला साधू, पानंच्या पानं गायब होतो. शांत वातावरण, निसर्ग हवा असेल तर रॅडक्लिफच घ्या. नाहीतर मंक, फक्त आवृत्ती बघून. ओरडा झाल्यावर लुईसने १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत स्वतःच कात्री चालवली होती, ती नको, पहिलीवरून छापलेली शोधा.