लाकडी खोक्यातला रास्पबेरी पाय: एक पावसाळा काढल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक. पैसे वाचावेत म्हणून कोणी त्याच्यावर असला घरगुती संगणक बांधायला निघालं असेल, तर थांबा. बोर्ड, पडदा, कीबोर्ड, एसएसडी, पॉवरबँक, तारा, खोका हे सगळं धरलं की तेवढ्यात बरा सेकंडहँड लॅपटॉप येतो, आणि तो याच्यापेक्षा जोरात पळतो. तरीही मी मे महिन्यात बांधला, अख्खा पावसाळा वापरला, चवथ गेली, आता जत्रांचा मोसम आला आणि रोजचं काम याच्यावरच चाललंय. लॅपटॉप घरच्यांनी कधीच ताब्यात घेतला.

आत आहे रास्पबेरी पाय ४, चार जीबी रॅमचा. हा बोर्ड २०१९ सालचा, म्हणजे नवा नव्हे. सात इंची पडदा, १०२४ गुणिले ६०० चा. यूएसबीवर एसएसडी, वीस हजार एमएएचची पॉवरबँक, आणि बाहेरून फणसाच्या लाकडाची पेटी. माझी कामं दोन: मराठी मजकूर टाइप करणं (नाटकाच्या संहिता, भजनी मंडळाच्या वह्या, गावच्या समितीची पत्रं) आणि गावच्या नाटकांना पार्श्वसंगीत देणं. डिचोलीच्या बाजूला राहतो, कामाला पणजीला जातो, त्यामुळे बसमध्ये मांडीवर उघडता येणं ही तिसरी गरज.

असल्या यंत्रात बोर्ड हा सगळ्यात सोपा भाग. नव्वद टक्के डोकेदुखी विजेची. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर हवेत असं कंपनी सांगते, आणि बोर्डाकडे पोचणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकतं आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लोक पॉवरबँकेला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा दोषी असते ती तार. हिशेब करून बघा: बारीक, लांब तारेचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम धरला आणि २ अँपिअर प्रवाह गेला, तर ०.४ व्होल्ट तारेतच खर्च होतात. पॉवरबँक प्रामाणिकपणे ५ व्होल्ट देत असली तरी बोर्डाच्या तोंडाशी ४.६. झालं, आली पिवळी वीज. मी वीतभर लांबीची, जाड तांब्याची तार लावली आणि तो प्रश्न संपला. टर्मिनलवर थ्रॉटलिंग, म्हणजे प्रोसेसरने वेग उतरवला का, ते विचारणारी आज्ञा आहे, ती अधूनमधून चालवत जा. शून्याशिवाय काही उत्तर आलं तर आधी तार बदला, मग बाकीचं.

दुसरा मुद्दा आमच्याकडे जास्त लागू. बऱ्याच पॉवरबँका चार्ज होता होता बाहेरही वीज देतात, पण चार्जर लावताना किंवा काढताना पापणी लवेपर्यंत पुरवठा तुटतो. फोनला ते कळत नाही. पायला कळतं, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. जुलैत एका संध्याकाळी लाईट किती वेळा जाते ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. बॅटरी आत असून भिंतीतली लाईट गेली म्हणून संगणक बंद, हा विनोदच झाला. माझी पहिली पॉवरबँक तशी होती, ती आता फोनसाठी आहे. घेण्याआधी दुकानातच चार्जर लावून-काढून बघू द्या म्हणावं, आणि नाही म्हणाला तर दुसरं दुकान. अठरा-सहाशेपन्नास सेल आणि यूपीएस बोर्ड हा पर्यायही आहे, आणि तो नीट जमला तर जास्त देखणा होतो. पण सुटे लिथियम सेल लाकडी पेटीत, आमच्या दमट हवेत, मांडीवर घेऊन बसमध्ये बसायची माझी तयारी नाही.

वीस हजार एमएएच हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ७४ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना काही जातात. पडद्यासकट माझं यंत्र टायपिंगच्या कामात सात-आठ वॉट खातं. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात सहा-साडेसहा. मला पुरतात. पडद्याचा उजेड कमी केला की फरक लगेच दिसतो. प्रोसेसरपेक्षा पडदाच जास्त खादाड वाटतो.

कीबोर्डबद्दल इंग्रजी टायपिंगवाले जे परीक्षण लिहितात त्यावर मराठी माणसाने जाऊ नये. छोट्या कीबोर्डांत जागा वाचवायला उजव्या बाजूची चिन्हं आवळतात किंवा फंक्शनच्या बटणाखाली ढकलतात: अर्धविराम, अवतरण, चौकोनी कंस, तिरकी रेघ. इंग्रजीत त्याने फारसं बिघडत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत त्याच जागी च, ट, ड आणि य बसलेले आहेत! ‘त्याच्यावाचून’ हा एक शब्द टाइप करताना किती वेळा फंक्शन दाबावं लागेल ते मोजा. अंगठ्याने दाबायचे ते चिमुकले कीबोर्ड म्हणून पहिल्याच फेरीत बाद. मी घेतला तो थोडा रुंद आहे, पेटीची रुंदी त्याच्यावरूनच ठरली, पण ही चारही बटणं पूर्ण आकाराची आणि आपापल्या जागी आहेत. इनस्क्रिप्टची मांडणी रास्पबेरी पाय ओएसमध्ये असतेच, वेगळं काही उतरवावं लागत नाही. सात इंची पडद्यावर देवनागरी मात्र मोठी करूनच वाचा. रफार आणि अनुस्वार जवळजवळ आले की बारीक अक्षरात डोळे फुटतात.

पेटी. धातूचा डबा नको हे नक्की होतं, कारण वायफायचा अँटेना बोर्डावरच आहे आणि पत्र्याच्या डब्यात तो गुदमरतो. फणसाचं लाकूड गावच्या मेस्ताकडे (सुताराकडे) पडून होतं. त्याने मापं घेतली आणि म्हणाला, ‘भाऊ, झाकण आताच थोडं सैल ठेवूया, पावसात फुगणार.’ ठेवलं, तरी जुलैत जुन्या घराच्या दारासारखं अडकायला लागलं. ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप सुटलं. बिजागऱ्या पितळेच्या, स्क्रू स्टेनलेसचे. एका कोपऱ्यात साधा लोखंडी स्क्रू राहिला होता, त्याच्याभोवती आता तांबूस डाग उतरलाय. बोर्डाच्या पिनांना काही झालं नाही, पण त्यावर बसणाऱ्या स्वस्त जोडतारांच्या टोकांवर हिरवट थर आला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला की जातो, पुढच्या पावसात परत येतो. आत सिलिका जेलची पुडी आहे, ती महिन्याभरात ओलाव्याने भरते आणि तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवतो. हवेची भोकं बारीक जाळीने झाकली आहेत. मुंग्यांना उबदार सर्किटबोर्ड फार आवडतो, ही माहिती कुठल्याही पुस्तिकेत नसते.

उष्णतेचं म्हणाल तर पाय ४ ऐंशी अंश सेल्सिअसला वेग उतरवू लागतो. पंखा लावला नाही, कारण नाटकात पंख्याचा आवाज नको. बोर्डाला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचं जाड कवच बसवलंय. मेच्या दुपारीसुद्धा टायपिंग करताना ऐंशीपर्यंत गेला नाही. मोठी ध्वनिफीत रूपांतरित करायला घातली की मात्र टेकतो.

एसडी कार्डावर सिस्टीम ठेवू नका, एवढं एक ऐका. अचानक वीज तुटली की कार्डावरची फाइलव्यवस्था बिघडू शकते, आणि आपल्याकडे वीज अचानकच तुटते. पाय ४ सरळ यूएसबीवरून सुरू होतो. फक्त यूएसबी तीनचा रेडिओ-गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो, म्हणून एसएसडी बोर्डापासून जरा दूर ठेवली आणि घरी ५ गीगाहर्ट्झ वापरतो. चारही यूएसबी दारांतून मिळून १.२ अँपिअरच मिळतात, हेही धरून चाला.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. पायच्या चाळीस पिनांपैकी काहींना मी मोठाली बटणं जोडली आहेत: मेघगर्जना, घंटा, दारावरची थाप, अंकाच्या शेवटची धून. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बटण, पायथॉनच्या मोजक्या ओळी, बस्स. (पिनांवर ३.३ व्होल्टच चालतात. ५ व्होल्ट लागले तर पिन गेली, कदाचित बोर्डही.) लॅपटॉपवर काळोखात माउसचा बाण शोधत बसायचो, तोवर पात्र ‘कोण आहे?’ म्हणून मोकळं झालेलं असायचं आणि थाप मागून यायची. आता डोळे रंगमंचावर, हात बटणावर. बोर्डावरच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकचा आवाज सुमार आहे, ध्वनिक्षेपकावर त्याची सळसळ ऐकू येते. यूएसबी साउंडकार्ड लावल्यावर ती गेली. आणि बॅटरीवर चालत असल्यामुळे, मंडपातल्या वायरिंगमधून मिक्सरमध्ये शिरणारी ती ‘घूंऽऽ’ माझ्या बाजूने तरी येत नाही. आमचे ध्वनिक्षेपकवाले एरवी कशालाच बरं म्हणत नाहीत. त्यांनी ही पेटी कुठे मिळते म्हणून विचारलं.

उणिवा भरपूर. याला झोप माहीत नाही: झाकण मिटलं तरी जागाच. बंद करायचा आणि पुन्हा अर्धा मिनिट थांबून सुरू करायचा. बसमध्ये हे फार खटकतं. घड्याळ बोर्डावर नाही, इंटरनेट नसेल तर वेळ मागची दाखवतो. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ आणि नाणेसेल लावून ते मिटवलं. यूट्यूब ७२० पर्यंत ठीक, पुढे अडखळतो. ब्राउझरमध्ये टॅब उघडत सुटणाऱ्याने याच्या वाटेला जाऊच नये.

पाय ५ का नाही, हा प्रश्न हमखास येतो. तो खूप वेगवान आहे, पॉवरचं बटण आहे, घड्याळही आत आहे (त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते). पण त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअरचा पुरवठा हवा. ३ अँपिअरवर चालतो, मात्र मग यूएसबीला सगळं मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो, आणि तेवढ्यात माझी एसएसडी, साउंडकार्ड आणि कीबोर्ड भागणार नाहीत. ५ व्होल्टला ५ अँपिअर देणारी पॉवरबँक सहज मिळत नाही. शिवाय ३.५ मिलिमीटरचा जॅक त्यात काढून टाकलाय, त्याचं मला सोयरसुतक नाही. वीजपुरवठ्याचं जमलं तर बोर्ड बदलेन. पेटीतली भोकं नव्याने पाडावी लागतील, पण लाकूड आहे, मेस्त आहे.