एनिग्माचा लाकडी संच: शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावा

एनिग्मा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य गुप्त संदेशांसाठी वापरायचं ते यंत्र. त्याची लाकडी प्रतिकृती असलेला हा संच कॉलेज रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून घेतला. मी घरी आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, त्यासाठी. तीन चाकं, प्रत्येकावर 26 अक्षरं. म्हणजे नुसत्या चाकांच्याच 17,576 स्थिती! पोरींनी वहीत गुणाकार केला आणि बघतच राहिल्या.

खरी गंमत परावर्तकाची, म्हणजे चाकांतून आलेला संकेत पुन्हा चाकांतूनच उलट पाठवणाऱ्या भागाची. त्याच्यामुळे 'ए' दाबलं की दुसरं कुठलंही अक्षर येईल, पण 'ए' कधीच येणार नाही. याच उणिवेचा आधार घेऊन ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रातली माणसं गुप्त संदेशात अंदाजाने धरलेला शब्द कुठे बसेल ते शोधत. चाकं हाताने फिरवताना हे जसं कळतं, तसं फळ्यावर कळत नाही.

लाकूड गुळगुळीत आहे. मधलं चाक अडकतं, जरा मेण चोळलं की सुटतं. राग आला तो माहितीपत्रकाचा. त्यात फक्त ब्लेचलीतले ब्रिटिश गणितज्ञ अॅलन ट्युरिंग! 1932 मध्येच एनिग्माची अंतर्गत जोडणी गणिताने शोधणारे पोलंडचे मारियान रेयेव्स्की कुठेच नाहीत. पोलिश मंडळींनी जुलै 1939 मध्ये आपलं सगळं काम ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं, त्याचीही एक ओळ नाही. ते मुलांना तुम्हीच सांगा.

तिथे पुठ्ठ्याचा स्वस्त संचही मिळतो, पण त्यात परावर्तकच नाही. तो घेऊ नका.